हिरव्या डबीचा पंचनामा

काकू कारखान्यावरून परत आल्या तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची माणसं पाडव्याच्या पुढंमागं गावाकडे येतात ती वाळून, काळवंडून. काकू मात्र भरल्या होत्या. गाल वर आलेले, चेहरा गोल. "यंदा कारखान्याचं पाणी मानवलं गं माय तुला," असं कुणीतरी म्हणालंही. 2019 चा उन्हाळा होता. दुष्काळ, टँकरच्या रांगा, दावणीची जनावरं छावणीला. त्यात एक बाई बाळसं धरून आली याचा सगळ्यांना आनंदच होता.

माझं त्या गावात बसस्टँडसमोर मेडिकल आहे. काकू अंगदुखीचं मलम घ्यायला आल्या आणि पैसे द्यायला हात पुढे केला, तेव्हा मला मनगटाच्या वर निळेकाळे डाग दिसले. कुठे आपटल्याचे नव्हेत, आपोआप उठलेले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तोंड आणि पोट सुजल्यासारखं, हातपाय मात्र काटकुळे. डी.फार्मच्या पुस्तकातलं चित्रच समोर उभं राहिलं. स्टेरॉइड फार दिवस पोटात गेलं की माणूस असा दिसतो.

"काकू, कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"गोळी कामून? देशी औषध हाय, झाडपाल्याचं. सहा महिने झाले म्या घेती. त्याच्या पायीच तर मोळी डोक्यावर घेता आली यंदा."

त्यांनी पिशवीतून हिरवी डबी काढून काउंटरवर ठेवली. ही डबी मी रोज बघत होतो. माझ्या समोरच्या किराणा दुकानात बरणीशेजारी तिची चळत लावलेली असायची, आणि दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तेव्हा मुकादम ती डझनाने नेत. ती हातात घेऊन वाचली मात्र कधी नव्हती. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःला लागलेली गोष्ट ती हीच.

डबीवर काय होतं

एका बाजूला उधळलेला घोडा. वर मोठ्या अक्षरात नाव, त्याखाली "100% आयुर्वेदिक, कोणताही साइड इफेक्ट नाही". मग "संधीवात, आमवात, सायटिका, मणक्याचा गॅप मुळासकट बरा". मागच्या बाजूला घटक: शल्लकी, गुग्गुळ, निर्गुंडी, रास्ना, अश्वगंधा. 30 कॅप्सूल, 150 रुपये. उत्पादक परराज्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतला, प्लॉट नंबरसकट. परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारखा, सगळं जागच्या जागी. आणि तळाशी "आयुर्वेदिक पेटंट औषध".

या पेटंट शब्दाने आपल्याकडे फार घोळ केला आहे. लोकांना वाटतं सरकारने तपासून पेटंट दिलं, म्हणजे माल पक्का. तसं काही नसतं. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा 1940 चा. त्यात आयुर्वेदाच्या बाबतीत पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध म्हणजे एवढंच, की घटक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या ग्रंथांमधल्या पाठांतले, पण त्यांची जुळणी उत्पादकाची स्वतःची. शोधाचं पेटंट वेगळं, आणि त्याचा या डबीशी काही संबंध नाही. त्या शब्दाचा अर्थ "आमचा स्वतःचा नुस्खा" असा आहे. गिऱ्हाइकाच्या कानाला तो "सरकारमान्य" असा लागतो आणि छापणाऱ्याला ते नेमकं माहीत असतं.

त्या संध्याकाळी मी काकूंच्या घरी जाऊन रिकाम्या डब्याही मागून घेतल्या. मसाला भरायला ठेवल्या होत्या त्यांनी. तीन निघाल्या. एक दिवाळीच्या आधीची, एक संक्रांतीच्या सुमाराची, एक ताजी. उत्पादनाच्या तारखा तीन वेगवेगळ्या, बॅच नंबर मात्र तिन्हीवर एकच. बॅच म्हणजे एका घाण्याचा माल. चार-सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या मालाला एकच बॅच नंबर असूच शकत नाही. माझ्या दुकानात अशी गोळी आली असती तर मी त्याच पावली परत पाठवली असती.

काकूंना आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी आधी तक्रार लिहिली. तिन्ही डब्यांचे फोटो, काकूंच्या हाताचा फोटो त्यांच्या परवानगीने, आणि दोन पानं मजकूर बीडला अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे पाठवला.

किराणा दुकानात औषध कसं?

हा प्रश्न मला आजही लोक विचारतात. माझ्याकडे विक्रीचे परवाने भिंतीवर लावलेले आहेत, फार्मासिस्ट म्हणून माझं नाव नोंदवलेलं आहे, फ्रीजचं तापमान लिहावं लागतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी शेड्यूल एच मध्ये येते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी ती देऊ शकत नाही. आयुर्वेदिक औषधाचं तसं नाही. ते बनवायला परवाना लागतो, किरकोळ विकायला लागत नाही. किराण्यात, पानटपरीवर, आठवडी बाजारात पालावर, कुठेही ठेवा. मूळ विचार चुकीचा नाही. त्रिफळा चूर्ण आणि कफाचं सिरप खेडोपाडी मिळावं हे बरोबरच आहे. पण या मोकळ्या दारातूनच खोटं लेबल आत शिरतं. चिठ्ठीवर मिळणारं औषध कॅप्सूलमध्ये भरा, वर झाडपाल्याची नावं छापा, की ते थेट शाम्पूच्या पुड्यांशेजारी जाऊन बसतं. डेक्सामेथासोन इतकं स्वस्त आहे की त्यात खर्च जवळपास नाहीच. आणि गुण दुसऱ्या दिवशी येतो. खऱ्या गुग्गुळाला तेवढी घाई नसते.

आमच्या तालुक्यात दोन चांगले वैद्य आहेत. ते काढे स्वतः करून देतात, पथ्य सांगतात, महिनाभर थांबायला लावतात. त्यांचा रोगी या डबीने पळवला. आयुर्वेदाच्या नावावर जो डाग लागतो तो असाच.

दुकानातली दुपार

औषध निरीक्षक मॅडम आल्या त्या साध्या कपड्यात, एसटीने, सोबत एक मदतनीस. आधी माझ्याकडे आल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते असं: "भाऊ, तुम्ही तक्रारदार. तुम्ही पंच नको, आणि त्या दुकानात पाऊलही टाकू नका." मला जरा वाईट वाटलं. कारण नंतर कळलं. कोर्टात पहिला प्रश्न आला तो धंद्यातल्या चढाओढीचाच. पंच म्हणून त्यांनी एक निवृत्त मास्तर आणि बँकेतला एक शिपाई घेतला.

मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. रस्ता वीस फुटांचा, सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. मॅडमनी काही उचललं नाही, ओरडल्या नाहीत. ओळखपत्र दाखवलं, डब्या मोजायला लावल्या, आणि नमुन्याच्या डब्यांची किंमत रोख मोजून दुकानदाराच्या हातात ठेवली. बघ्यांना हे पटेना. खोटं औषध, मग पैसे कशाला द्यायचे? पण कायद्याने नमुना विकत घ्यायचा असतो. त्याची पावती होते, फॉर्म 17 भरला जातो, आणि हा माल याच दुकानातला हे पुढे कुणाला नाकारता येत नाही.

मग नमुन्याचे चार वाटे झाले. प्रत्येक वाटा खाकी कागदात, दोऱ्याने बांधून, वर लाख. स्टोव्हवर लाख वितळवताना त्याचा वास माझ्या दुकानापर्यंत आला. दुकानदारालाही त्यांनी विचारलं, तुमचा शिक्का लावायचा असेल तर लावा. त्याने अंगठीचा ठसा उमटवला. एक वाटा त्याचा, एक शासकीय विश्लेषकाचा, एक कोर्टासाठी, आणि चौथा ज्याच्याकडून माल आला म्हणून तो सांगेल त्याच्यासाठी. मास्तरांनी प्रत्येक पाकिटावर सही करण्याआधी चष्मा पुसला हे मला नीट आठवतं. सगळा प्रकार अडीच तास चालला.

उरलेल्या मालाचं काय, हा प्रश्न होता. निरीक्षक माल विकू नका असा आदेश देऊ शकतात, पण तो फार तर 20 दिवसांचा असतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल तेवढ्यात येईलच असं नाही. मॅडमनी तिथेच निर्णय घेतला. सगळ्या डब्या जप्त, फॉर्म 16 वर पावती, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं. त्यासाठी त्यांच्या हाती आधार होता तो लेबलाचाच. बॅच एक आणि तारखा अनेक हा एक. दुसरा मला माहीत नव्हता. 1954 चा औषधे व जादुई उपाय कायदा 54 आजारांच्या बाबतीत बरं करण्याच्या जाहिरातीला बंदी घालतो, त्या यादीत संधिवात आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनसुद्धा जाहिरातच धरलं जातं. म्हणजे आतली कॅप्सूल उघडण्याच्या आधीच डबीने गुन्हा कबूल केलेला होता.

दुकानदार बिलं दाखवू शकला नाही. जिल्ह्याच्या गावातून एक माणूस येतो, पार्सल बसने पाठवतो, पैसे रोख घेतो, असं त्याने लिहून दिलं. मला त्याची थोडी कीव आली हे खरं. गावात त्याचं वागणं चांगलं आहे, उधारीवर लोकांची चूल तो पेटती ठेवतो. पण एका डबीमागे 60 रुपये सुटत होते आणि त्याने कधी विचारलं नाही, एवढे का सुटतात.

चौथा दिवस

नमुना तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत गेला. गावात चर्चा झाली आणि विरली. मला वाटलं, चला, काम झालं.

चौथ्या दिवशी सकाळी एक म्हातारा आला, ओकाऱ्या आणि चक्कर म्हणून. पाठोपाठ एक बाई, "अंगातलं बळच गेलंय" म्हणत. दुपारी काकूंचा मुलगा धावत आला. काकू अंगणात धुणं वाळत घालताना खाली बसल्या होत्या त्या उठल्याच नाहीत. हात थंडगार, जीभ कोरडी, बोलणं अस्पष्ट. आम्ही रिक्षात घालून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे आधी सगळ्यांना उष्माघातच वाटला. मी डबीचं सांगितलं तसे ते थांबले. काकूंचा चेहरा पाहिला, पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले. रक्तदाब खाली, साखर खाली. त्यांनी सलाइन लावलं, हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन दिलं. तासाभरात काकूंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, आणि ते ऐकताना माझ्या पायाखालची जमीन सरकली. मूत्रपिंडाच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून महिनोनमहिने स्टेरॉइड मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडतात. एके दिवशी बाहेरचा पुरवठा तुटला तर शरीराकडे आपलं काहीच नसतं. रक्तदाब कोसळतो, माणूस जाऊही शकतो. म्हणून अशी गोळी एकदम तोडायची नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने कमी करत, काही वेळा कित्येक महिने घेऊन, बंद करायची असते.

हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी तक्रार लिहिताना माझ्या डोक्यात दुकान होतं, डबी होती, खोटं लेबल होतं. डबीवर जगणारी माणसं नव्हती. दोन पानांत त्यांच्याबद्दल एक ओळही मी लिहिली नव्हती.

मॅडमना फोन केला. अहवाल यायचा होता, त्यामुळे आत स्टेरॉइड आहे असं त्या अधिकृतपणे म्हणू शकत नव्हत्या. पण त्या अडून बसल्या नाहीत. डॉक्टर आणि त्या बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या घंटागाडीच्या भोंग्यावरून गावात सूचना फिरली: घोडा छाप हिरव्या डबीचं औषध घेत असाल किंवा नुकतंच बंद केलं असेल, तर डबी घेऊन आजच सरकारी दवाखान्यात दाखवा, घरच्या घरी काही ठरवू नका. आशाताई वस्त्यांवर गेल्या. मी माझ्या काउंटरवर पाटी लावली. दहा दिवसांत 41 माणसं आली. बहुतेक ऊसतोडीची, चाळिशी-पन्नाशीची. चौघांची साखर एवढी वाढलेली होती की त्यांना अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावं लागलं. एकाला काळी शौच होत होती, म्हणजे पोटात रक्तस्राव.

आलेली माणसं रागावलेली होती, पण दुकानदारावर नाही. "बरं वाटत व्हतं ते औषध सरकारनं बंद केलं, अन् आता म्हणतेत हळूहळू बंद करा. मंग आधी कामून उचललं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टर मात्र प्रत्येकाला तेच शांतपणे सांगत राहिले: गुण येत होता तो झाडपाल्याचा नव्हता, आणि त्याची किंमत तुमचं हाड, तुमची साखर, तुमचं पोट देत होतं. किती जणांना पटलं सांगता येत नाही. पण बहुतेकांनी चिठ्ठी घेतली आणि परत तपासायला आले.

लेबलाचा खटला

अहवालात डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, दोन्ही आढळले होते. परराज्यातल्या परवाना अधिकाऱ्यांचंही पत्र आलं. तो परवाना क्रमांक त्या नावाच्या कारखान्याला दिलेलाच नव्हता, आणि त्या प्लॉटवर औषधाचा कारखाना नव्हता.

आता खरा कायद्याचा पेच. डबीवर आयुर्वेदिक लिहिलंय म्हणून हे आयुर्वेदिक औषध धरायचं का? तसं धरलं तर 1940 च्या कायद्याचं प्रकरण चार-अ लागतं, खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, आणि भेसळीला कैद एक वर्षापर्यंतच. मॅडमचं म्हणणं वेगळं. आयुर्वेदिक औषध म्हणजे निव्वळ ग्रंथातल्या पाठांप्रमाणे केलेलं, अशी कायद्याचीच व्याख्या आहे. आत डेक्सामेथासोन निघालं त्या क्षणी ते आयुर्वेदिक राहिलंच नाही. ते झालं विनापरवाना बनवलेलं आणि विकलेलं ॲलोपॅथिक औषध. मग कलम 18(क) आणि 27(ब)(2), कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच, आणि खटला सत्र न्यायालयात. त्यांनी फिर्याद तशीच दाखल केली. शिवाय पोलिसांकडे फसवणुकीचा आणि औषधात भेसळीचा गुन्हा.

मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. नाहीतर खोटं लेबल लावणाऱ्याला त्याच लेबलाचा आसरा मिळतो: मीच आयुर्वेदिक छापलं, म्हणून मला आयुर्वेदाच्या कलमाखालची हलकी शिक्षा द्या. बचावाच्या वकिलांनी नेमकं हेच मांडलं. दुसरा मुद्दा त्यांनी घंटागाडीचा काढला. सरकारचीच माणसं औषध एकदम बंद करू नका म्हणत होती, मग ते घातक कसं? त्याला डॉक्टरांची साक्ष पुरेशी ठरावी. विश्लेषकाच्या अहवालाला मात्र कुणी हात लावू शकलं नाही. अहवालाची प्रत मिळाल्यापासून 28 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. दुकानदार गप्प राहिला, आणि ते 28 दिवस निघून गेले. लाखेचे शिक्के शाबूत, पंच ठाम. मास्तरांनी कोर्टात प्रत्येक पाकिटावरची आपली सही ओळखली.

जिल्ह्याच्या गावातला पुरवठादार सापडला. त्याच्या मागचा, कॅप्सूल भरणारा, सापडला नाही. मधे करोना आला, तारखा पडत गेल्या. खटला अजून चालू आहे.

काकूंची गोळी पूर्ण सुटायला अकरा महिने लागले. चेहरा उतरला, डाग गेले, गुडघे मात्र दुखतात ते दुखतातच. त्या बसून करता येईल तेवढं काम करतात. मागच्या पाडव्याला त्यांचा मुलगा कारखान्यावरून आला आणि काकूंनी त्याच्या पिशवीतून एक डबी काढून माझ्याकडे आणून दिली. तिथे कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, एक जण विकायला येतो म्हणे. डबी निळी आहे, नाव वेगळं आहे, घोड्याच्या जागी हरीण आहे. परवाना क्रमांक तोच.

या वेळी मी आधी मुलाला डॉक्टरकडे नेलं. तो तीन आठवडे घेत होता. मग तक्रार लिहिली. तो कारखाना कुठला, त्याच्या टोळीत माणसं किती, त्यांतली कोण कोण ही डबी घेतं, मुकादमाचं नाव काय आणि टोळी परत कधी निघणार, हे सगळं पहिल्या पानावर लिहिलं. डबी दुसऱ्या पानावर.